गोल्फची कार्ट बॅग घ्यायची आहे, नक्की काय बघू?

फ्रिस्कोकर

मंडळी, इथे गोल्फ खेळणारे चारपाच जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतो.

आठ वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं, तेव्हापासून हे वेड लागलंय. तेव्हा घेतलेली स्टँड बॅग अजून वापरतो. स्टँड बॅग म्हणजे जमिनीवर टेकवली की दोन पाय बाहेर येऊन तिरकी उभी राहते ती, खांद्यावर घेऊन चालायची. गेल्या वर्षी कंबर धरली आणि डॉक्टरांनी खांद्यावर वजन बंद केलं. तसंही टेक्सासच्या उन्हाळ्यात अठरा होल, म्हणजे एक पूर्ण फेरी, चालण्याची हौस फिटलीच होती. आता कार्टमध्येच, म्हणजे मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीतच, बसतो.

पण ही बॅग कार्टवर नीट बसत नाही. कार्टच्या मागचा पट्टा आवळला की तो बरोबर पाण्याच्या बाटलीच्या कप्प्यावरून जातो. पाणी प्यायचं तर पट्टा सोडा, पुन्हा आवळा. तळाला पाय उघडायची जी कळ असते ती दाबली जाते आणि खड्ड्यातून गेलं की पाय फडफडतात. सातव्या होलपर्यंत बॅग स्वतःभोवती फिरून कप्पे सीटकडे तोंड करून बसतात, रुसलेल्या पाहुण्यासारखे.

तर आता खास कार्टसाठीची, जरा चांगली बॅग घ्यायची आहे. बजेट साडेतीनशे डॉलर. दुकानात गेलो तर चौदा खणी, पंधरा खणी, थंड कप्पा, लोहचुंबकाचा कप्पा, मखमली कप्पा, लेदरसारखं दिसणारं कापड... डोकं फिरलं. डिसेंबरात पुण्याला येईन तेव्हा तीच घेऊन यायचा विचार आहे, मेव्हणे तिथे खेळतात. एकच बॅग दोन्हीकडे चालेल ना?

खोचक_खापर

साडेतीनशे डॉलर? काठ्या उभ्या करायला? आमच्या आजोबांची काठी दारामागच्या कोपऱ्यात फुकट उभी राहायची, आणि तिने कुत्रीही हाकलता यायची.

(हलके घ्या. वाचतोय.)

वेजवाला

फ्रिस्कोकर, तुमची अडचण बॅगेच्या दर्जाची नाहीच, जातीची आहे. खांद्याची बॅग कार्टवर ठेवलीत. साडेतीनशे काय, हजाराची स्टँड बॅग घेतलीत तरी पट्टा कप्प्यावरूनच जाणार. मी दुसऱ्या टोकाची चूक केली होती. पहिल्या पगारवाढीला व्यावसायिक खेळाडूंकडे असते तशी भलीमोठी टूर बॅग घेतली, रिकामीच साडेचार-पाच किलोची. दिसायला राजेशाही. कार्टच्या खाचेत ती बसायची, पण शेजारच्याची बॅग मग तिरकी ठेवावी लागायची. दोन महिन्यांत माझ्याबरोबर कार्ट घ्यायला कोणी तयार होईना.

आता काय बघायचं ते सांगतो. दुकानात जाताना स्वतःचे तीनचार क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, घेऊन जा, हे पहिलं. लाजू नका.

पट्ट्याची वाट: बऱ्याच कार्ट बॅगांना मधोमध एक बोगदा असतो, कप्प्यांच्या मागून. कार्टचा पट्टा त्यातून जातो आणि सगळे कप्पे मोकळे राहतात. तुमचं निम्मं दुखणं इथेच बरं होतं. बोगदा पुरेसा रुंद आहे का ते हात घालून बघा. काही ठिकाणी तो इतका चिंचोळा असतो की पट्टा ओवताना सुईत दोरा घातल्यासारखं होतं, आणि मागे रांग लागलेली असते.

खण: चौदा खणी म्हणजे प्रत्येक क्लबला स्वतंत्र घर. पण दुकानदार ‘फुल लेंथ’, म्हणजे खण तळापर्यंत, म्हणतो त्यावर जाऊ नका. वरून चौदा भोकं दिसतात आणि आत दीड वितीवर कापड संपतं, खाली सगळ्या क्लबांच्या मुठी एकाच खोलीत. मग सात नंबरचं आयर्न काढताना सहा नंबर बरोबर वर येतं. आपला क्लब तळापर्यंत सोडा, बाजूच्या खणात दुसरा सोडा, आणि एकच वर ओढा. दुसरा हलला तर ती बॅग तिथेच ठेवा. पटर (चेंडू छिद्रात ढकलायचा क्लब) जाड मुठीचा असेल तर त्याचा खण वेगळा आणि मोठा हवा. माझ्या एका बॅगेत पटर आत जायचा, पण बाहेर काढताना बाटलीचं बूच काढल्यासारखा आवाज यायचा.

तोंड: कार्टवर बॅग ठेवली की कप्पे मागे, म्हणजे आपल्याकडे. लांब क्लब, ड्रायव्हर वगैरे, सीटच्या बाजूच्या वरच्या ओळीत आणि वेज-पटर आपल्याजवळ. उलटं लावलं तर छोटे क्लब मोठ्यांच्या जंगलात हरवतात. काही बॅगांचं डोकं मुळातच याच हिशोबाने बनवलेलं असतं, पटरची विहीर, म्हणजे त्याचा मोठा खण, आपल्या बाजूला. तशी मिळाली तर उत्तम.

तळ: रबरी आणि जरा चपटा असावा. गोल गुळगुळीत तळाची बॅग फिरते. मूठ: वर एक आणि खालच्या बाजूला एक अशा दोन तरी पक्क्या मुठी असाव्यात, कारण गाडीच्या डिकीतून आडवी बॅग काढताना कंबरेचा खरा हिशोब तिथे होतो. बाकी चुंबक-मखमल ही सगळी सजावट. घड्याळ-पाकिटासाठी मऊ अस्तराचा एक कप्पा बरा असतो, इतकंच.

थंड कप्पा मात्र टेक्सासात घ्याच. अस्तर काढून धुता येतं का ते बघा. केळं विसरलात तर का म्हणतोय ते कळेल.

लीड्सचा_पाऊस

वेजवाला यांना अनुमोदन, पण इकडची बाजू मांडतो. इंग्लंडात कार्टमध्ये बसणारा माणूस म्हणजे एकतर वय झालेला, नाहीतर प्लास्टर घातलेला. इथे सगळे चालतात आणि बॅग तीनचाकी ट्रॉलीवर, ढकलायची किंवा बॅटरीची. त्यामुळे तुम्ही ज्याला कार्ट बॅग म्हणता तिलाच इथे ट्रॉली बॅग म्हणतात आणि तिची परीक्षा वेगळी असते.

ट्रॉलीवर बॅग तिरकी रेलते आणि दर पावलाला हलते. इथे बॅग फिरणं हा राष्ट्रीय प्रश्न आहे. मोटोकॅडी या ट्रॉली बनवणाऱ्या कंपनीने यावर इझीलॉक काढलं: बॅगेचा तळ ट्रॉलीत थेट अडकतो, खालचा पट्टाच लागत नाही. छान चालतं, पण बॅग आणि ट्रॉली दोन्ही त्या पद्धतीच्या हव्यात. एकदा त्या घरात शिरलात की बाहेर पडणं महाग.

आणि पाऊस. ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ यांत आमच्याकडे जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात कापडावर पाणी ठरत नाही, पण शिवणीतून आणि चेनीतून झिरपतं. दुसऱ्यात शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते आणि चेनही पाणी अडवणारी असते. मी पहिल्या प्रकारची घेतली आणि नोव्हेंबरात तिसऱ्या होलला सुका हातमोजा काढला तो पिळून घालावा लागला.

टेक्सासात हे ओझं घेऊ नका. पूर्ण वॉटरप्रूफ बॅगेला बऱ्याचदा कप्पे कमी असतात आणि उन्हात ती आतून घामेजते.

येरवड्याची_सकाळ

फ्रिस्कोकर, पुण्याचं विचारलंत म्हणून लिहिते. मी गेली बरीच वर्षं येरवड्याच्या कोर्सवर खेळते. शनिवारी पहाटे, नवरा झोपलेला असताना.

तुमच्या तिकडे सगळी चर्चा बॅग ‘कशावर’ ठेवायची याची. आपल्याकडे आधी विचारावं लागतं, बॅग ‘कोण’ नेणार? पुण्यात काय, मुंबईत काय, बहुतेक जुन्या क्लबांच्या मैदानांवर कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, असतो. ट्रॉली असली तरी ओढणारा तोच, आणि चढावर, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) कडेला, पुलावर ती उचलणाराही तोच. आमच्यातले एक सद्गृहस्थ परदेशातून टूर बॅग घेऊन आले. त्यात छत्री, रेनकोट, दोन लिटर पाणी, तीस चेंडू आणि डबा. त्या दिवशी ज्याच्या वाट्याला ती बॅग आली तो कॅडी साठीच्या घरातला. नवव्या होलला मी त्यांना म्हटलं, काका, डबा तरी मी धरते. ते हसले आणि म्हणाले, ‘ताई, डबा हलका आहे, चेंडू काढा.’

घरी येऊन वजनकाट्यावर बसवलं सगळं. पूर्ण संच चौदा क्लबांचा साधारण साडेपाच-सहा किलो. साधी कार्ट बॅग अडीच ते साडेतीन. चेंडू एक सुमारे ४६ ग्रॅम, म्हणजे तीस चेंडू झाले जवळजवळ १.४ किलो. पाणी दोन किलो. टूर बॅगेने यावर आणखी दीड-दोन किलोची भर घालायची, ती कशासाठी? तर मोठ्या अक्षरातल्या नावासाठी. व्यावसायिक खेळाडूंच्या बॅगेवर नाव असतं, कारण ती चालतीबोलती जाहिरात असते आणि ती वाहणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. आपल्याला कोण देतंय?

म्हणून माझा सल्ला: तिकडे हवी ती घ्या, पण पुण्याला यायचं असेल तर रिकामं वजन तीन किलोच्या आत ठेवा, आणि खांद्याचा पट्टा गादीचा असू द्या. कार्ट बॅगेचा पट्टा बहुतेक नावापुरता, एकेरी आणि पातळ असतो, कारण बनवणाऱ्याने धरलंय की ती पार्किंगपासून कार्टपर्यंतच जाणार. इथे तो पट्टा कुणाच्या तरी खांद्यावर चार तास असतो.

अवांतर: आपली गोल्फर अदिती अशोक, तिची बॅग रिओ ऑलिंपिकला तिच्या वडिलांनी वाहिली आणि टोकियोत आईने. तिथे ती चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. टीव्हीवर सगळे तिचे पटरचे फटके बघत होते. मी मधूनमधून त्या आईच्या खांद्याकडे बघत होते.

खोचक_खापर

‘डबा हलका आहे, चेंडू काढा.’ दंडवत त्या काकांना.

तीस चेंडू कशाला लागतात पण? एक हरवला की खेळ संपत नाही का?

येरवड्याची_सकाळ

हरवला की खेळ संपत असता तर मी साडेसहालाच घरी आले असते.

उंटावरून_शेळ्या

चौदाचा विषय निघालाय म्हणून. नवीन लोकांना वाटतं चौदा खण म्हणजे कंपन्यांची टूम. तसं नाही, नियमच चौदा क्लबांचा आहे. आधी मर्यादाच नव्हती, वीस-पंचवीस क्लब घेऊन लोक फिरायचे आणि कॅडी बिचारा वाहायचा. मग अमेरिकेने १९३८ साली आणि ब्रिटनच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेने १९३९ साली चौदाची मर्यादा घातली. म्हणजे येरवड्याच्या काकांच्या बाजूने नियमपुस्तक ऐंशीहून जास्त वर्षं उभं आहे.

आणि खण मोजायचे का, तर २००१ ची ब्रिटिश ओपन. वेल्सचा खेळाडू इयान वूझनम शेवटच्या दिवशी आघाडीत, पहिल्या होलला टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू छिद्रात जाता जाता राहिला, बर्डी झाली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. दुसऱ्या टीवर कॅडीच्या लक्षात आलं की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत. सरावाचा एक काढायचा राहिला होता. एकूण पंधरा क्लब, दोन फटक्यांचा दंड. बर्डी गेली पाण्यात. तो शेवटी संयुक्त तिसरा आला.

टूर बॅगेला खण थोडे आणि मोठे असतात, त्यात एक जास्तीचा क्लब सहज लपतो. चौदा खणी बॅगेत पंधरावा घालायला जागाच नसते. हौशी खेळाडूला याहून स्वस्त पंच मिळणार नाही.

वेजवाला

जागा नसते? पटरची वेगळी विहीर असलेल्या बॅगेत चौदा अधिक एक होतात. दुकानात पंधरा खणी म्हणतात ती तीच. माझा जावई त्या पंधराव्या खणात चेंडू पाण्यातून काढायची काठी ठेवतो. ती क्लब धरत नाहीत, काळजी नसावी.

चेंबूरचा_चिखल

सगळे घ्यायचं सांगताहेत, टिकवायचं कोणी सांगत नाहीये.

माझी बॅग घेतली तेव्हा तिच्या किमतीत घरात वॉशिंग मशीन आलं असतं (हे वाक्य माझं नाही, घरातून आलंय). मुंबईत पहिल्या पावसाळ्यात एका जुलैच्या रविवारी भिजून आलो, बॅग तशीच वरचं झाकण लावून कपाटामागे ठेवली आणि गावी गेलो. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर आत पांढरी बुरशी, मुठींना चिकट थर, आणि वास असा की शेजारच्यांनी विचारलं घरात सुकट आणलीये का.

तेव्हापासूनची पद्धत: घरी आल्यावर क्लब सगळे बाहेर. सगळ्या चेनी उघड्या. बॅग उलटी, तोंड खाली करून भिंतीला टेकवून पंख्याखाली रात्रभर, कारण पाणी तळाशी साचतं आणि वरून ते दिसत नाही. थंड कप्प्याचं अस्तर बाहेर ओढून. कडक उन्हात नको, तळाचं रबर आणि चकाकणारं कापड दोन्ही तडकतात. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीतही आठवडाभर सोडू नये.

चेन: बॅग जुनी होत नाही, चेन जुनी होते. बंकरची वाळू दातांत बसते आणि एक दिवस धावा (ओढायची कडी) फिरतो, पण चेन उघडीच राहते. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने झाडायची आणि पांढरी मेणबत्ती घासायची. माझी मुख्य कप्प्याची चेन तिसऱ्या वर्षी गेली. ज्या कंपनीची होती तिला तीन वेळा लिहिलं, त्यांनी तीन वेळा कळवळून दिलगिरी व्यक्त केली. शेवटी स्टेशनबाहेर सुटकेस दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने बॅग दोनदा उलटीपालटी करून विचारलं, ‘साहेब, हे तंबू आहे का?’ आणि अर्ध्या तासात जाड पितळी दातांची चेन बसवून दिली. ती अजून पळतेय. प्रीमियम म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी ती चेन दाखवतो.

तर घेताना चेन पाहा. मोठ्या दातांची आहे का, वळणावर अडते का, ओढायला दोरीचा लूप आहे का. वायकेके या जपानी चेन-कंपनीची असेल तर धाव्यावर कोरलेलं असतं.

फ्रिस्कोकर

सर्वांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली. शनिवारी सात क्लब हातात घेऊन दुकानात गेलो. विक्रेत्याला वाटलं परत करायला आलोय.

वेजवाला, तुमची दोन क्लबांची परीक्षा घेतली. पाच बॅगांपैकी तीन नापास! त्यातली एक सगळ्यात महाग होती, पांढरी, लेदरसारखी, हात लावला तरी डाग पडेल अशी. पट्ट्याच्या बोगद्यात हात घातल्यावर घड्याळच अडकलं.

आता दोनच उरल्यात. पहिली २.७ किलो, चौदा खणी, सात कप्पे, पट्टा बरा. दुसरी ३.४ किलो, पंधरा खणी, थंड कप्प्यात सहा कॅन मावतात, पण खांद्याचा पट्टा येरवड्याच्या ताई म्हणतात तसा, नावापुरता. मन दुसरीवर आहे. आणि विमानाचं कसं? तीच नेऊ का?

येरवड्याची_सकाळ

मन दुसरीवर आहे तर विचारताय कशाला? पण पट्टा वेगळा विकत मिळतो, बहुतेक बॅगांना तो आकड्यांनी अडकवलेला असतो. शिवलेला नाही ना, ते बघा.

लीड्सचा_पाऊस

विमानासाठी: बॅगेवर चाकांचं प्रवासी कव्हर लागेलच. २३ किलोची मर्यादा असेल तर बॅग, क्लब, कव्हर मिळून पंधरा-सोळापर्यंत जातं, उरलेल्या जागेत लोक कपडे कोंबतात. कोंबाच, मऊ कपडे क्लबांच्या डोक्यांभोवती. पण ड्रायव्हरचं डोकं काढता येत असेल तर काढून मोज्यात घाला, आणि ड्रायव्हरपेक्षा उंच असा एक दांडा बॅगेत उभा ठेवा. बॅग डोक्यावर पडली तर मार तो खातो. तसा घडीचा दांडा विकत मिळतो. मी पहिल्यांदा मोडक्या झाडूचा दांडा कापून वापरला होता. सुरक्षा तपासणीत बराच वेळ त्यावर चर्चा झाली.

आणि मोठी कार्ट बॅग अरुंद कव्हरात जात नाही. कव्हर घ्यायला जाताना बॅग घेऊन जा.

चेंबूरचा_चिखल

दहा दिवसांसाठी येत असाल तर बॅग आणूच नका. सहासात क्लब जुन्या स्टँड बॅगेत घाला आणि या. अर्ध्या संचाने खेळून बघा, दोन फटके जास्त लागतात, पण प्रत्येक फटक्याला कोणता क्लब घ्यावा हा घोळ संपतो. कॅडीही दुवा देईल.

वेजवाला

हे मात्र शंभर टक्के. आणि फ्रिस्कोकर, तिकडेसुद्धा जुनी बॅग फेकू नका. पाऊस पडून गेल्यावर कार्ट रस्त्यावरच ठेवायची, गवतावर न्यायची नाही, असा नियम लावतात ना? तेव्हा चेंडू असतो फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) पार पलीकडे आणि बॅग रस्त्यावर. चार क्लब हातात घेऊन जायचं, त्यातला एक वेज ग्रीनच्या (छिद्राभोवतीच्या बारीक गवताच्या) कडेला ओल्या गवतात विसरायचा. माझे असे दोन गेले. त्या दिवशी हलकी बॅग बरी.

फ्रिस्कोकर

अपडेट. २.७ किलोवाली घेतली.

ठरवून गेलो होतो दुसरी घ्यायला, पट्टाही आकड्यांचाच निघाला. पण दोन्हींत माझे सगळे क्लब, पाणी, चेंडू भरून दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत एकेक फेरी मारली. दुसरीने गाडीपाशी कंबरेला आठवण करून दिली. डॉक्टर आठवले, मग ते डबावाले काका आठवले.

काल पहिली फेरी झाली. पट्टा बोगद्यातून, सगळे कप्पे मोकळे, बॅग अठरा होल एकाच दिशेला तोंड करून उभी. चौदाऐवजी तेराच खण भरले, कारण पाच नंबरचं आयर्न मला कधी लागतच नाही हे बॅग लावताना लक्षात आलं. स्कोअर विचारू नका, बॅगेचा त्यात दोष नाही.

जुनी बॅग लेकीने पळवली, शाळेच्या संघात निवड होतेय का बघायला. डिसेंबरात पुण्याला येताना तिच्याकडून उसनी घ्यावी लागणार.

खोचक_खापर

म्हणजे साडेतीनशे डॉलर खर्चून पुण्याला जुनीच बॅग येणार?

फ्रिस्कोकर

हो. आणि भाडं म्हणून लेकीने चेंडू मागितलेत. तीस.

येरवड्याची_सकाळ

या. पण त्यातले दहाच आणा.